पंधरावरून खाली उतरताना: पॉलिमायल्जिया आणि स्टेरॉइडची गोळी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभा राहिलो. खांदा भरून येणं, कंबर धरणं हे आमच्या धंद्यात पगाराबरोबरच मिळतं. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी एका सकाळी अंगातली बंडी डोक्यावरून काढता येईना, तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. पंधरा दिवसांत दोन्ही खांदे, मान आणि मग दोन्ही मांड्या धरल्या. पहाटे कूस बदलायला बायकोला हाक मारावी लागायची. अकरा वाजले की मी बऱ्यापैकी सुटा व्हायचो, त्यामुळे घरच्यांना वाटायचं, सकाळची कामं टाळायला बाबांचं नाटक चाललंय.

रोगाचं नाव कळायला अडीच महिने गेले. पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. आता तिसरं वर्ष चालू आहे आणि माझी स्टेरॉइडची गोळी पंधरा मिलिग्रॅमवरून अडीचवर आली आहे. मधे दोनदा घसरलो, एकदा स्वतःच्या चुकीनं. तुमच्या घरात कुणाला हे नाव नुकतंच कळलं असेल, तर पुढचं वाचा. यातले गोळीचे आकडे माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

१. रोग तोच आहे ना, ते आधी पक्कं करा

हा आजार पन्नाशीच्या आत जवळजवळ होत नाही. बहुतेकांना सत्तरीच्या आसपास होतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. खूण अशी की दुखणं दोन्ही बाजूंना असतं, खांद्यांत आणि खुब्यांत, आणि सकाळचा आखडलेपणा पाऊण तासाच्या वर टिकतो. फ्रोजन शोल्डर बहुधा एकाच खांद्याला धरतो. मला आधी तेच सांगून महिनाभर शेक दिला होता, दुसऱ्या खांद्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे आकडे, वाढलेले दिसतात. माझा ईएसआर ७८ होता. आमवाताच्या तपासण्या, म्हणजे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, सहसा निगेटिव्ह येतात. स्नायूंची सीपीके तपासणी नॉर्मल येते, कारण मूळ सूज स्नायूत नसते, सांध्यांच्या अस्तरात आणि भोवतीच्या पिशव्यांत असते. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉलसाठी घेतलेली स्टॅटिनची गोळी, क्वचित रक्ताचा कर्करोग, यांतही असंच दुखू शकतं. म्हणून डॉक्टरांनी चार तपासण्या जास्त लिहिल्या तर कुरकुर करू नका. जमल्यास संधिवाततज्ज्ञांना एकदा तरी दाखवा.

इथला मोठा सापळा म्हणजे पुडी. 'अमक्या गावात एक जण वाताची पुडी देतो, चार दिवसांत माणूस पळायला लागतो,' असं सांगणारा तुम्हाला भेटणारच. मलाही भेटला. चार दिवसांत पळायला लावणाऱ्या अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडतं, फक्त किती ते कुणालाच माहीत नसतं. शिवाय तपासणीआधी ते पोटात गेलं की ईएसआर खाली येतो आणि निदान लांबतं.

२. गोळी सुरू होण्याआधी फाइल तयार करा

प्लॅस्टिकची साधी फाइल घ्या आणि कागद तारखेनं लावा. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, दाखवणार असाल तर आधार कार्ड आणि जुना केसपेपरही त्यातच ठेवा. यात काय हवं:

- ईएसआर, सीआरपी, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट
- साखर: उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी)
- छातीचा एक्सरे (जुना टीबी स्टेरॉइडमुळे डोकं वर काढू शकतो)
- हाडांची डेक्सा तपासणी
- डोळ्यांची तपासणी (मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी)
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक काढ्यांसकट

सामान फार नाही. एक वही, सात खणांची गोळ्यांची डबी, बीपीचं आणि साखरेचं मशिन, आणि गोळी कापायचा कटर. मी कटर विकत आणला नाही. पत्र्याचा छोटा जिग करून त्यात ब्लेड बसवलं. नातवंडांपासून लांब ठेवावा लागतो, एवढंच.

३. पहिली गोळी आणि तालमीतला गैरसमज

सुरुवात साधारण रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर होते, हेच या स्टेरॉइडच्या गोळीचं नाव. मला १५ दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून ओला टॉवेल उंच दोरीवर टाकला आणि मग लक्षात आलं की आपण हात वर केला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. इतका झटपट फरक हीसुद्धा या रोगाची एक ओळख आहे. आठ-पंधरा दिवसांत ठळक फरक पडला नाही तर डॉक्टरांना निदानाचा पुन्हा विचार करायला सांगा.

आपल्या गावात 'स्टेरॉइड' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तालीम येते. 'म्हातारपणी बॉडी करतोस काय?' असं मला शिवाजी पेठेतल्या मित्रानं तोंडावर विचारलं. ती इंजेक्शनं वेगळी, अ‍ॅनाबॉलिक, स्नायू वाढवणारी. आपली गोळी कॉर्टिसोलच्या जातीची. हे द्रव्य आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज बनवत असतात. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवातानं जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. या गोळीचे तोटे खरेच आहेत, पुढे येतीलच. पण तालमीच्या भीतीनं ती टाळू नका. मांड्या उलट या गोळीनं बारीकच होतात.

गोळी एकदाच, सकाळच्या नाश्त्यानंतर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही सकाळीच चढतं. मी दोन दिवस संध्याकाळी घेऊन पाहिली आणि रात्री दोन वाजता माळा आवरत बसलो होतो.

दुकानातला सापळाही ध्यानात ठेवा. 'तीच कंपनी नाही, पण औषध तेच आहे' म्हणून एकदा माझ्या हातात डिफ्लाझाकोर्टची पट्टी आली. ते वेगळं औषध आहे. त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. आकडा बघून खाल्लं तर हिशेब चुकतो. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, चष्मा घरी राहिला असेल तर दुकानातल्या पोराकडून वाचून घ्या.

४. वही लिहा, पण थोडीच लिहा

पहिल्या महिन्यात मी पानंच्या पानं लिहिली आणि डॉक्टरांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. मग चार रकाने केले: गोळी किती, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं, तीन चाचण्या जमल्या की नाही, आणि काही वेगळं घडलं का.

तीन चाचण्या माझ्या अशा आहेत. टॉवेल दोरीवर टाकता आला का? हात न टेकता खुर्चीवरून उठता आलं का? रात्री कूस बदलताना जाग आली का? तुमच्या तुम्ही ठरवा. वेणी घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, गाडीला किक मारणं, काहीही चालेल. रोज तीच चाचणी घ्यायची, एवढंच पथ्य. 'आज जरा बरं वाटतंय' या वाक्याचा कुणालाच उपयोग होत नाही, तुम्हालासुद्धा महिन्याभरानं होत नाही.

५. उतरण: शेवटचे कट हलके

लेथवर जॉब लावला की पहिले कट जाड घेतात. मापाजवळ आलं की कट हलका करत जातात. शेवटी घाई केली तर सगळा जॉब भंगारात. गोळीचंही तसंच आहे, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. १५ मधून अडीच काढले तर सहावा हिस्सा गेला. ५ मधून तेच अडीच काढले तर निम्मं गेलं.

सर्वसाधारण पद्धत अशी: चार ते आठ आठवड्यांत १० मिलिग्रॅमपर्यंत यायचं आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांना सुमारे १ मिलिग्रॅम कमी करायचं. मला १ मिलिग्रॅमची गोळी काही मिळाली नाही. ५ आणि अडीचच्या मिळाल्या. मग डॉक्टरांनी आलटून पालटून दिली: आज १०, उद्या साडेसात. सरासरी पावणेनऊ पडली. चार आठवड्यांनी रोज साडेसात. पुढे अडीचची गोळी अर्धी कापून सव्वाच्या पायऱ्या केल्या. आलटून पालटून चालू असेल तर डबीत आठवड्याच्या गोळ्या रविवारीच भरा, नाहीतर बुधवारी घरात 'काल किती घेतली' यावरून भांडण होतं.

माझं वेळापत्रक पाचच्या खाली आणखी संथ झालं. एकेका पायरीवर दोन-दोन महिने. एकंदर औषध वर्ष-दोन वर्षं तरी चालतं, अनेकांना त्याहून जास्त. कुणी तीन महिन्यांत सुटलं असं ऐकलं तर त्यांचं अभिनंदन करा आणि आपल्या पायरीवर थांबा.

पायरी उतरायचा दिवस निवडायलाही शिका. घरात लग्न, गणपती, प्रवास, दात काढणं असं काही असेल त्या आठवड्यात उतरू नका. मी एकदा जोतिबाला जायच्या आदल्या दिवशी उतरलो आणि तिथल्या पायऱ्या मला एक-एक करून मोजता आल्या.

रोग वारंवार परत येत असेल तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाचं दुसरं औषध जोडतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा आणि ती पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डबीपासून वेगळी ठेवा.

६. दुखतंय ते नेमकं कशामुळे?

मला सगळ्यात जास्त गोंधळ इथे झाला. गोळी कमी केल्यावर काहीतरी दुखतंच, आणि दर वेळी वाटतं की रोग परत आला. मग माणूस स्वतःच गोळी वाढवतो आणि महिनोन् महिने त्याच पायरीवर अडकतो. वहीची पानं चाळून मी दुखण्याचे चार प्रकार वेगळे करायला शिकलो.

*रोग परत येणं.* दुखणं जुन्या जागीच येतं: दोन्ही खांदे, दोन्ही खुबे. सकाळी जास्त, दुपारी कमी. आखडलेपणाची मिनिटं दिवसागणिक वाढतात: १०, २०, ४०. टॉवेलची चाचणी नापास होते. ईएसआर-सीआरपी बहुधा चढतात, पण नेहमीच नाही.

*गोळी कमी झाल्याची कुरकुर.* गोळी उतरवल्यावर एक-दोन दिवसांतच सुरू होते. अंग सगळीकडून मोडून आल्यासारखं, मरगळ, चिडचिड, भूक कमी. ठराविक जागा नसते आणि सकाळी-दुपारी फार फरक नसतो. एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. इथे काही न करता थांबायचं असतं, आणि ते फार अवघड असतं.

*गोळीमुळे आलेली स्नायूंची कमजोरी.* दुखत काहीच नाही, पण खुर्चीवरून उठताना मांड्या साथ देत नाहीत. हे बरेच महिने जास्त डोस घेतलेल्यांत दिसतं. यावर गोळी वाढवणं म्हणजे आगीत तेल. इथे व्यायाम हवा, आणि डोस कमी व्हायला हवा.

*वयाचं दुखणं.* एकच गुडघा, एकच खांदा, काल पाण्याची बादली उचलली म्हणून धरलेली कंबर. पंधरा मिलिग्रॅमवर असताना माझा गुडघा तीन महिने एकदाही बोलला नव्हता. स्टेरॉइडनं त्यालाही गप्प केलं होतं. साडेसातवर आल्यावर तो परत बोलू लागला. त्याला मी रोग समजलो आणि दोन महिने वाया घालवले.

रोगच परत आला असं ठरलं, तर सहसा शेवटच्या ज्या डोसवर ठीक होतो तिथे डॉक्टर परत नेतात आणि पुढची उतरण संथ करतात. पंधरापासून पुन्हा सुरुवात बहुतेक वेळा करावी लागत नाही. पण हा निर्णय फोन करून, विचारून घ्यायचा. वहीतली शेवटच्या दोन आठवड्यांची मिनिटं फोनवर वाचून दाखवली की डॉक्टरांना निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

७. मधल्या काळात वेदना सांभाळायची कशी

स्टेरॉइडबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, किडनीलाही भार. आपल्याकडे 'अंग दुखतंय, एक पट्टी द्या' म्हटलं की बऱ्याचदा हेच हातात येतं. मला पॅरासिटॅमॉल चालते असं सांगितलं होतं, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत.

बाकी सगळं घरातलं आहे. झोपेतून उठताना सरळ बसायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाटेखाली, मग हाताच्या आधारानं वर. अंघोळीचं गरम पाणी पहिल्यांदा खांद्यांवर घ्यायचं. शर्ट घालताना जास्त दुखणारा हात आधी बाहीत. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, लाज सोडा. भिंतीला एक कडी ठोकून घेतली तर उठायला आधार होतो. पंगतीत मांडी घालून बसायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

मी रोज संध्याकाळी रंकाळ्याला चालतो. सकाळी नाही, कारण सकाळी अंग ऐकत नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, आता पाऊण तास. आदल्या दिवशी बरं वाटलं म्हणून दुप्पट चाललं की दुसरा दिवस अंथरुणात जातो. हे मी निदान दहा वेळा करून पाहिलं आहे. मालिश हवी असेल तर हलक्या हाताची. वस्तादाच्या मालिशीनं माझ्या दंडावर निळे-काळे डाग पडले, कारण या गोळीनं कातडी पातळ होते.

८. साखर, हाडं आणि तांबडा रस्सा

या गोळीनं भूक इतकी लागते की रात्री अकरा वाजता डबे उघडले जातात. साखर मात्र चोरपावलांनी वाढते. सकाळची उपाशीपोटी साखर चांगली येते आणि दुपारच्या जेवणानंतरची २०० च्या वर गेलेली असते. म्हणून फक्त उपाशीपोटी तपासून निर्धास्त राहू नका. 'मी साखर सोडली, गूळच खातो' असं म्हणणारे आपल्या जिल्ह्यात भरपूर. गुळानंही साखर तशीच वाढते.

रस्सा मी सोडला नाही. वाटी एक केली आणि त्याबरोबरचं लोणचं-पापड बंद केलं, कारण मिठानं बीपी आणि पायांची सूज वाढते. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचा मोह आहे, पण स्टेरॉइडवर असताना कच्चं दूध नको. तापवून प्या. दूध, दही, नाचणी यांतून कॅल्शियम मिळतं, तरी डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वेगळं देतात. हाडांसाठी आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट गोळी दिली असेल तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहाही नाही. माझ्यासाठी आठवड्यातली ती सगळ्यात लांब तीस मिनिटं असतात. दाताचं मोठं काम असेल तर ही गोळी सुरू होण्याआधी उरकून घ्या.

फ्लू, न्यूमोनिया आणि नागिणीच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात परस्पर घ्यायच्या नाहीत.

९. गोळी अचानक बंद करू नका

माझी मोठी चूक हीच. नऊ महिन्यांनी बरं वाटत होतं, एका नातेवाइकानं 'स्टेरॉइडनं हाडं पोकळ होतात' असं घाबरवलं आणि मी साडेसातवरून एकदम बंद केली. चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, बीपी खाली. रिक्षानं दवाखान्यात नेलं, तेव्हा नाव विचारलं तरी मला सांगायला वेळ लागत होता.

कारण असं. शरीर रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं कॉर्टिसोल स्वतः बनवतं. बाहेरून महिनोन् महिने मिळत राहिलं की ग्रंथी झोपी जातात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, कधी कधी अनेक महिने. म्हणून पाचच्या खाली उतरताना थकवा जास्त जाणवतो. शंका आली तर डॉक्टर सकाळी आठ-नऊच्या सुमाराची कॉर्टिसोल तपासणी करायला सांगतात.

ताप, जुलाब, अपघात, ऑपरेशन अशा वेळी शरीराला जास्त कॉर्टिसोल लागतं. तेव्हा गोळी किती वाढवायची हे बरे असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट बघत बसू नका, इंजेक्शन लागतं. दाताच्या डॉक्टरांपासून भूल देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला 'मी स्टेरॉइडवर आहे' हे आधी सांगा. गावाला जाताना आठवड्याच्या जादा गोळ्या जवळ ठेवा, पिशवी डिकीत टाकली तरी गोळ्या खिशात.

१०. डोकं आणि डोळे

याच आजाराचा एक भाऊबंद आहे, कपाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्या सुजवणारा. जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, कंगवा फिरवताना डोक्याची कातडी दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, एक डोळा क्षणभर अंधारणं किंवा दोन-दोन दिसणं. यांतलं काही झालं तर उद्याची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ. गेलेली नजर परत येत नाही. उपचार कितीतरी मोठ्या डोसनं आणि ताबडतोब करावा लागतो. घरातल्या माणसांनाही हे पाठ करून ठेवायला सांगा, कारण आपण स्वतः 'झोपलो की बरं होईल' म्हणणाऱ्यांतले असतो.

खिशातली चिठ्ठी

आधार कार्डाच्या झेरॉक्समागे मी ही चिठ्ठी चिकटवली आहे. डोस बदलला की पेन्सिलीनं बदलतो.

*मला पॉलिमायल्जिया आहे. प्रेडनिसोलोनचं तिसरं वर्ष चालू, सध्या रोज २.५ मिलिग्रॅम, सकाळी. ही गोळी अचानक बंद करू नये. मी बेशुद्ध असेन, उलट्या होत असतील किंवा ऑपरेशन करायचं असेल तर हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन लागेल. रुग्णवाहिकेसाठी १०८. घरचा नंबर मागे आहे.*